वरचे आठ रुपये

पेट्रोल पंपावर विचार करायला वेळ नसतो. मागचा हॉर्न वाजवत असतो, पुढचा गाडी ढकलत हवेच्या मशीनकडे निघालेला असतो आणि नोझल हातात धरलेला मुलगा विचारतो, "साधं की प्रीमियम?" या प्रश्नाचं उत्तर देताना आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात इंजिन नसतंच. गाडी नवी असली की प्रीमियम. लांब निघालो की प्रीमियम. सर्व्हिसिंगनंतरची पहिली टाकी प्रीमियमची. महिनाअखेर आली की साधं, आणि तेव्हा गाडीला काहीतरी कमी केलं अशी बारीकशी रुखरुख. स्वतः कटिंगवर भागवून गाडीला भारीतलं पेट्रोल घालणारे कितीतरी लोक माझ्या ओळखीत आहेत. गाडीवरच्या त्या मायेबद्दल मला आदर आहे, म्हणून ती कुठे खर्ची पडते हे एकदा नीट मांडावंसं वाटलं.

निमित्त माझ्या भाच्याचं. तो पुण्यात घरोघरी जेवण पोचवण्याचं काम करतो. शंभर सीसीची गाडी, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्याच्याबरोबरच्या पोरांमध्ये असं पक्कं ठरलेलं आहे की प्रीमियमनं ॲव्हरेज वाढतं, पिकअप सुधारतो आणि इंजिन दोन वर्षं जास्त चालतं. मला तो म्हणाला, "मामा, लिटरला आठ रुपये जास्त जातात, पण ॲव्हरेजमध्ये निघून येतात ना? तुम्ही इंजिनातलेच आहात, तुम्हीच सांगा."

माझं निम्मं आयुष्य इंजिनं तपासायच्या खोलीत गेलंय. त्यामुळे तो मला विचारणार हे साहजिक होतं. मी त्याला आधी कागद घ्यायला सांगितलं.

२०२४ आणि २०२५ मध्ये पुण्या-मुंबईत साधं पेट्रोल १०३ ते १०५ रुपयांच्या आत-बाहेर राहिलं. १०४ धरू. प्रीमियम त्याहून आठ रुपये महाग, म्हणजे ११२. आठ भागिले एकशेचार म्हणजे जवळजवळ पावणेआठ टक्के. तेव्हा प्रीमियमचे पैसे वसूल व्हायचे असतील तर ॲव्हरेज पावणेआठ टक्क्यांनी वाढायला हवं. त्याची गाडी ५५ देते. तिनं ५९च्या वर द्यायला हवं, आणि तेही रोज. कर्वे रोडच्या गर्दीत, पावसात, मागे जेवणाची पेटी लावून. दिवसाला १२० किलोमीटर धरले तर सव्वादोन लिटरला थोडं कमी पेट्रोल लागतं आणि त्यावर प्रीमियमचे साडेसतरा रुपये जास्त जातात. महिन्याचे सव्वीस दिवस काम धरलं तर साडेचारशे. वर्षाचे साडेपाच हजारांच्या जवळ. एवढ्यात त्याच्या गाडीचे दोन्ही टायर आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट येतो. हा आकडा बघून तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण महागात काहीतरी असणारच की."

असतं. फक्त ते काय असतं आणि कुणाच्या उपयोगाचं, हे समजून घ्यायला इंजिनाच्या आत डोकवावं लागतं.

सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण येतं. पिस्टन वर येतो आणि ते मिश्रण दाबतो. आपल्या रोजच्या बाइक-स्कूटरमध्ये साधारण एक दशांश जागेत. मग प्लग ठिणगी टाकतो. ज्योत प्लगपासून निघते आणि पसरत पसरत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते. ही ज्योत क्रमानं पुढे सरकली पाहिजे, कारण त्या क्रमातूनच पिस्टनला एकसारखा रेटा मिळतो. पण ज्योत पुढे येत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि कधी कधी ज्योत पोचायच्या आधी आपोआप पेटतं. लवंगीची माळ एका टोकानं पेटवावी आणि मधलेच चार फटाके आधी फुटावेत, तसं. दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये आपटतात आणि बाहेर आवाज येतो: टक टक टक. यालाच नॉकिंग म्हणतात. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी ओढली की अनेकांनी तो ऐकलेला असतो.

टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन तपासायच्या चौथऱ्यावर, आम्ही हा आवाज मुद्दाम काढत असू. इंजिन पूर्ण लोडवर घ्यायचं आणि प्लगची ठिणगी एकेक अंशानं अलीकडे आणत जायचं. काचेपलीकडे इंजिनाचा घोष एकसारखा चालू असतो, डायलवर टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, काटा चढत असतो, आणि मग एका अंशावर त्या घोषात खडे पडल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. तिथे एक-दोन अंश मागे यायचं. तीच त्या इंजिनाची, त्या पेट्रोलवरची हद्द. तिथून आणखी पुढे गेलात तर ताकद वाढत नाही, पिस्टन खराब होतो.

ऑक्टेनचा आकडा सांगतो तो एवढंच, की हे पेट्रोल असं आपोआप पेटायला किती विरोध करतं. त्यात उष्णता किती भरली आहे हे तो सांगत नाही. ९१ ऑक्टेनच्या साध्या आणि ९५ ऑक्टेनच्या प्रीमियम लिटरमध्ये जळून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. ज्या इंजिनाची ठिणगी ९१ला जुळवलेली आहे, ज्याचा दाब ९१ला झेपेल एवढाच आहे, त्याला ९५ घातलं तर ते इंजिन तेच करतं जे कालपर्यंत करत होतं. त्याला तो जादा विरोध कधी लागतच नाही. भाच्याची गाडी याच जातीची. तिच्या कारखान्यानं सगळं साध्या पेट्रोलवर बसवलेलं आहे आणि मालकाच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलंही आहे. ती पुस्तिका आपल्याकडे सीटखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत इन्शुरन्सच्या कागदांबरोबर गाडी विकेपर्यंत पडून असते.

मग ९५ कुणाला? ज्यांच्या इंजिनात दाब जास्त असतो त्यांना. टर्बो (जास्तीची हवा कोंबणारा पंखा) बसवलेल्या गाड्या, मिश्रण दहा-अकरा पटींहून जास्त दाबणाऱ्या स्पोर्ट्स बाइक, महागड्या परदेशी मोटारी. यांच्यापैकी अनेकांच्या इंजिनावर एक छोटा नॉक सेन्सर असतो, तो लोखंडातून येणारी थरथर ऐकतो. नॉकिंग सुरू झालं की संगणक ठिणगी मागे घेतो. इंजिन वाचतं, पण थोडी ताकद आणि थोडं ॲव्हरेज जातं. अशा गाडीला तिच्या तोलाचं पेट्रोल मिळालं की ठिणगी परत तिच्या जागी येते. तिथे प्रीमियमला अर्थ आहे. पण त्यालाही हद्द आहे. कारखान्यानं जिथपर्यंत ठिणगीच्या वेळेचा नकाशा आखला आहे त्यापलीकडे संगणक जात नाही. ९५ मागणाऱ्या गाडीला १०० घातलं म्हणून ती शंभराची होत नाही.

अमेरिकेत ट्रिपल ए या मोटारमालकांच्या मोठ्या संघटनेनं हे नीट तपासलं. २०१६ साली त्यांनी साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम घालून ताकद, ॲव्हरेज आणि धूर मोजला. म्हणण्यासारखा फायदा कशातच दिसला नाही, आणि त्याआधीच्या वर्षभरात अमेरिकन लोकांनी गरज नसताना प्रीमियमवर २१० कोटी डॉलर घालवले असा अंदाज त्यांनी मांडला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या गाड्या घेतल्या, ज्यांचे कारखाने प्रीमियम 'सुचवतात' पण सक्तीचं करत नाहीत. त्यांत सरासरी २.७ टक्के ॲव्हरेज वाढलं, ताकद १.४ टक्के. ज्यांना प्रीमियमचा उपयोग होऊ शकतो अशा गाड्यांमध्येही पावणेतीन टक्के! आणि इथे आपण शंभर सीसीच्या गाडीकडून पावणेआठची अपेक्षा धरून बसलोय.

अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं मध्ये एक शंका काढली होती: "आमच्याकडे साधं ८७ असतं, तुमच्याकडे ९१. म्हणजे तुमचं पेट्रोल आमच्यापेक्षा चांगलं?" दोन्ही एकच. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत इंजिन सौम्यपणे चालवतात, दुसरीत जास्त वेगानं आणि तापलेल्या मिश्रणावर. दुसरीचा आकडा नेहमी कमी येतो. आपण पहिल्या पद्धतीचा आकडा लिहितो, अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ आणि आपलं ९१ साधारण एकाच तोलाचं. कोलोरॅडोत तर ८५ही विकतात, कारण उंचावर हवा विरळ, सिलिंडरमध्ये कमी हवा जाते, दाब कमी राहतो आणि नॉकिंगही कमी होतं. महाबळेश्वरला जाताना 'वर थंडीत गाडीला ताकद हवी' म्हणून प्रीमियम भरणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. चढावर ओझ्यानं नॉकिंग वाढू शकतं, पण त्यावर पहिला उपाय खालचा गिअर आहे.

या सगळ्याच्या मागे शंभर वर्षांची एक गोष्ट आहे. ती मला कधी विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारींच्या इंजिनात दाब वाढवायची धडपड चालू होती, कारण दाब वाढला की त्याच पेट्रोलात जास्त काम निघतं. आड येत होतं ते नॉकिंग. जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली हा इंजिनिअर पेट्रोलात काय मिसळलं तर ते थांबेल हे शोधत होता. अल्कोहोलनं नॉकिंग थांबतं हे त्या लोकांना माहीत होतं. पण डिसेंबर १९२१ मध्ये मिजलीला शिशाचं एक संयुग सापडलं, टेट्राएथिल लेड. चिमूटभर पुरायचं, स्वस्त पडायचं, आणि त्याचं पेटंटही घेता येत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन गावी ते पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं, 'एथिल' या नावानं, साध्यापेक्षा जास्त भावानं. भारीतल्या पेट्रोलाच्या व्यापाराची सुरुवात अशी शिशानं झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ते संयुग बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेनं मेले. मरताना त्यांना भ्रम झाले होते. तरी धंदा थांबला नाही. जगभरच्या रस्त्यांवर, आपल्याकडेही, पोरांच्या फुप्फुसांत तो धूर गेला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत पूर्ण बंद झालं. मोटारींसाठीचा जगातला शेवटचा साठा अल्जीरियात संपला तो २०२१ मध्ये. शंभर वर्षं लागली.

ऑक्टेनची मोजपट्टीही याच काळातली. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं दोन द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन, जे दाबाला दाद देत नाही, त्याला १०० दिले. हेप्टेन, जे लगेच पेटतं, त्याला ०. सुरुवातीचं शुद्ध हेप्टेन आलं कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन या झाडाच्या डिंकातून! आज पुण्याच्या पंपावर लिहिलेला ९५ हा आकडा त्या झाडाच्या चिकापासून मोजलेला आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचं इंधन मिळू लागलं. स्पिटफायर आणि हरिकेनची मर्लिन इंजिनं त्याआधी सहा पौंड बूस्टवर चालत; बूस्ट म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा दाब. शंभर ऑक्टेन आल्यावर ती बारा पौंडांवर नेली गेली आणि विमानांना एकदम वेग मिळाला. पण तो वेग काढला तो बूस्ट दुप्पट करणाऱ्या माणसांनी. इंधनानं त्यांना तेवढी मोकळीक दिली. बूस्ट सहावरच ठेवून टाकीत शंभर ऑक्टेन ओतलं असतं तर विमान पूर्वीसारखंच उडालं असतं. आपण नेमकं तेच करतो. बूस्ट जुनाच, पेट्रोल नवं.

आता अल्कोहोलकडे येतो. मिजलीच्या काळात ते बाजूला पडलं आणि शंभर वर्षांनी आपल्या उसाच्या मळीतून परत आलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, सोलापूर या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार झालेलं इथेनॉल आज आपल्या टाकीत आहे. २०२२च्या जूनमध्ये देशानं दहा टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं. वीस टक्क्यांचं आधी २०३० साठी होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं. इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या आसपास. त्यामुळे ते मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो. पूर्वी साध्या पेट्रोलला ८८ची अट होती, पुढे ती ९१ झाली, आणि वीस टक्के इथेनॉल आल्यावर तो ९५पर्यंत पोचला असं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे ज्या ९५ साठी लोक आठ रुपये जास्त मोजायचे, तिथपर्यंत साधं पेट्रोल स्वतःच चालत आलं.

पण ॲव्हरेज वाढलं का? लोकांचा अनुभव उलटा आहे आणि तो खरा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या मोटारींचं ॲव्हरेज वीस टक्के इथेनॉलवर सहा ते सात टक्के घटेल, तशाच दुचाकींचं तीन ते चार टक्के, आणि नव्या जुळणीच्या मोटारींचं एक-दोन टक्के. ऑक्टेन वर गेला आणि ॲव्हरेज खाली आलं, एकाच टाकीत, एकाच वेळी. ऑक्टेन म्हणजे ॲव्हरेज नव्हे याचा याहून ठळक पुरावा कुठला हवा?

दुःख याचं की ही घट बघूनच अनेक जण प्रीमियमकडे वळलेत. 'साध्यात इथेनॉल असतं, म्हणून ॲव्हरेज पडलं, म्हणून भारीतलं टाकतो.' नोझलवरचं स्टिकर वाचा. ९५च्या प्रीमियमवरही बहुतेक ठिकाणी ई-२० लिहिलेलं असतं. तेच इथेनॉल, तेवढंच. इथेनॉल नसलेलं म्हणून विकतात ते शंभर ऑक्टेनचं, १ डिसेंबर २०२० पासून पुण्या-मुंबईसह काही शहरांतल्या निवडक पंपांवर आलेलं. त्याचा भाव २०२५ पर्यंत १६० रुपयांच्या आसपास किंवा वर राहिला. त्यात ऊर्जेचे सहा-सात टक्के परत मिळतील हे खरं, पण भाव साध्याच्या दीडपटीहून जास्त. भाच्याच्या गाडीनं ५५ऐवजी ८४च्या वर दिलं तर ते परवडेल. कुठलीच शंभर सीसीची गाडी पेट्रोल बदललं म्हणून एवढी उडी घेत नाही.

राहिला इंजिन स्वच्छ ठेवायचा मुद्दा. प्रीमियममध्ये डिटर्जंटसारखी रसायनं असतात, ती इंजेक्टर आणि वॉल्व्हवरची घाण कमी करतात, हे तत्त्वानं बरोबर आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण जिथे घाण आधीच दगड होऊन बसली आहे तिथे त्यांचा फारसा इलाज चालत नाही. आमच्या साताऱ्याकडच्या मिस्त्रींनी एकदा एका जुन्या बाइकचं इंजिन खोललं होतं. मी तिथे बसलो होतो. त्यांनी पिस्टन पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. डोक्यावर काळा, कडक थर, नखानं निघेना. एका कडेला तो थर उडालेला आणि खालचं ॲल्युमिनिअम बारीक टोचल्यासारखं झालेलं, सुईनं शेकडो वेळा टोचावं तसं. बोट फिरवलं तर खरखर लागत होती. "ठोके खाल्लेत यानं," मिस्त्री म्हणाले. "मालक म्हणतो, मी कायम भारीतलंच टाकतो तरी वाजते. वाजणारच. कार्बन साठलाय, जागा कमी झालीय, दाब वाढलाय. त्यात प्लग चुकीचा. पेट्रोल काय करील?" त्यांनी रंध्याच्या जुन्या पात्यानं सिलिंडर हेडमधला कार्बन खरवडून काढला, योग्य नंबरचा प्लग लावला, वॉल्व्ह बसवून घेतले. त्यानंतर ती गाडी साध्या पेट्रोलवर टकटक न करता घाट चढायला लागली. गाडी वाजायला लागली की महाग पेट्रोल घालून आवाज दाबता येतो कधी कधी. पण आवाज दबला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं, आणि उशीर झाला की ते पिस्टनवर निघतं.

भाच्याला मी एवढं सगळं ऐकवलं तरी तो म्हणाला, "मामा, मी स्वतः बघतो." मला हे फार आवडलं. त्याला टाकी टू टाकीची पद्धत सांगितली. एकाच पंपावर, एकाच नोझलला, शक्यतो सकाळी, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत भरायचं. किलोमीटर लिहायचे. टाकी बऱ्यापैकी संपल्यावर तसंच परत भरायचं, लिटर लिहायचे, भागायचं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, साध्याच्या काही टाक्या आणि प्रीमियमच्या काही. टायरची हवा दोन्ही वेळी सारखी. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा तुलनेपुरता ठीक आहे, पण हिशेबाला खरी टाकीच. त्याच्या वहीत दोन्ही पेट्रोलांचे आकडे एकमेकांत मिसळलेले निघाले. प्रीमियमची एखादी टाकी वर, साध्याची एखादी तिच्याही वर. जास्त फरक दिसला तो पावसाच्या आठवड्यात आणि कोरड्या आठवड्यात.

हाच फरक मला त्याला दाखवायचा होता. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे आहेत: झपकन पळवायची, कचकन ब्रेक मारायचा, अशा चालवण्यानं शहरी रहदारीत ॲव्हरेज दहा ते चाळीस टक्के घटू शकतं. आपल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटनेनं वर्षानुवर्षं सांगितलं आहे की ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग गाडीला सगळ्यात किफायतशीर. चेन कोरडी असेल, ब्रेक शू घासत असेल, एअर फिल्टर धुळीनं भरला असेल, तर प्रत्येक ठिकाणी पेट्रोल गळतं आणि ते आपल्याला दिसत नाही. ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांनी वर्षाचे ते साडेपाच हजार इथे घालावेत. वेळेवर ऑइल, वेळेवर टायर, आठवड्याला हवा.

पंपावरच्या मुलांवर माझा राग नाही. उन्हात, वाफेत दिवसभर उभं राहून ते वरून सांगितलेलं बोलतात. पण 'साधं संपलंय, प्रीमियमच आहे' हे वाक्य मी आणि भाच्यानं इतक्या वेळा ऐकलंय की ते मनाला लागतं. रिझर्व्हला आलेली गाडी घेऊन पुढच्या पंपापर्यंत जायची हिंमत कोण करतो? डिलिव्हरीची वेळ टळत असते, तो मुकाट्यानं आठ रुपये जास्त मोजतो. शिवाय ब्रँडेड, म्हणजे प्रीमियम, पेट्रोलवर सरकारचा उत्पादन शुल्कही साध्यापेक्षा थोडा जास्त आहे, म्हणजे त्याच्या खिशातून थोडं तिकडेही जातं.

अमेरिकेत प्रत्येक पंपावर पिवळ्या स्टिकरवर काळ्या मोठ्या अक्षरात ऑक्टेनचा आकडा लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे काही नावांतच आकडा आहे, तर काही नावं नुसती वेगाची आणि ताकदीची आहेत, आणि गिऱ्हाईक त्या नावालाच भुलतं. प्रत्येक नोझलवर, साध्याच्याही, तीन गोष्टी मराठीत ठळक लिहिलेल्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं: ऑक्टेन किती, इथेनॉल किती टक्के, भाव किती. घनतेचा आकडा आणि पाच लिटरचं माप मागायचा हक्क जसा गिऱ्हाइकाला आहे, तसाच हाही असावा. तोपर्यंत सीटखालची ती प्लॅस्टिकची पिशवी उघडा, पुस्तिकेत इंधनाचं पान काढा. तिथे ९५ची अट असेल आणि पंपावरचं साधं तेवढं आहे याची खात्री नसेल, तर बिनधास्त प्रीमियम घाला, ते पैसे वाया जाणार नाहीत. ९१ लिहिलं असेल तर 'साधं' म्हणा, आणि शून्य बघून घ्या.